काकांचा जुना खोकला आणि ९/११ ची धूळ, आता नाव नोंदवता येतं का?

एडिसनची_चिऊ:
माझे काका २००१ ला वॉल स्ट्रीटजवळ कॉन्ट्रॅक्टवर होते. ११ तारखेला नेमके घरी, पण १७ ला शेअर बाजार उघडला तसं यांनाही ऑफिसला बोलावलं आणि टेबलावर, कीबोर्डच्या फटीत सगळीकडे ती करडी पावडर, हे रोज ओल्या टिश्यूने पुसायचे, मास्कबिस्क काही नाही कारण ईपीएनेच (अमेरिकन सरकारचं पर्यावरण खातं) सांगितलेलं हवा ठीक आहे म्हणून. त्याच हिवाळ्यापासून खोकला, सायनस, आणि ॲसिडिटी इतकी की उशा रचून झोपतात. काका म्हणतात मी काय फायरमन होतो का. ९/११ च्या धुळीने आजारी पडलेल्यांच्या तपासणी-उपचारांसाठी अमेरिकन सरकारचा तो डब्ल्यूटीसी (वर्ल्ड ट्रेड सेंटर) हेल्थ प्रोग्राम आहे ना, तो खरंच फक्त फायरमन लोकांसाठीच आहे का?

जर्सीचा_पाव्हणा:
छे हो! डब्ल्यूटीसी हेल्थ प्रोग्राममध्ये सर्व्हायव्हर म्हणून वेगळी कॅटेगरी आहे. मॅनहॅटनमधल्या ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेला राहणारे, नोकरी करणारे, शिकणारे, सगळे बसतात त्यात, फक्त जुलै २००२ च्या आत ठराविक दिवस तिथे असल्याचा पुरावा लागतो. जुनी पे स्लिप शोधा. व्हिसा कुठला होता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

उगाच_शंका:
इतक्या वर्षांनी धूळच कशावरून? आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ॲसिडिटी आहे. काका सिगरेट ओढायचे का?

फुफ्फुसवाली:
शंका रास्त आहे, पण ती घरातली धूळ नव्हती ना. काँक्रीटचा भुगा, जिप्सम, काचेचे बारीक तंतू, ॲस्बेस्टॉससुद्धा, आणि सिमेंटमुळे इतकी अल्कली की नाकापासून खालपर्यंत सगळं सोलून निघायचं. खोकला, सायनस आणि ॲसिडिटी एकत्र, हे तिथे काम केलेल्यांमध्ये डॉक्टरांना सुरुवातीपासून दिसलंय. फायरमन लोकांची फुफ्फुसांची ताकद पहिल्याच वर्षी धाडकन उतरली आणि बऱ्याच जणांची परत वर आलीच नाही. कॅन्सर तर आणखी उशिरा, गर्भाशयाचा कॅन्सर प्रोग्रामच्या आजारांच्या यादीत घातला तो २०२३ ला!
चिऊ, त्रास कधी सुरू झाला याला तिथे फार महत्त्व देतात, तेव्हा जुनी प्रिस्क्रिप्शन्स अजिबात टाकू नका. आणि सर्व्हायव्हरची पहिली तपासणी फुकट असते, पण आजार सर्टिफाय झाला, म्हणजे तो ९/११ मुळेच असं प्रोग्रामने मान्य केलं, तरच पुढे दरवर्षी बोलावतात.

एडिसनची_चिऊ:
काकूने २००२ चा ईएनटीचा कागद जपून ठेवलाय, धन्य ती!! पण दोघं थंडीत नाशिकला असतात, तिकडे औषधं मिळतील का?

जर्सीचा_पाव्हणा:
नाही, उपचार फक्त अमेरिकेत. जायच्या आधी फॉर्म भरून टाका.