ए-४०४ ची धपधप आणि बुधवारचा गेम झोन

ए-३०४ काका:
नमस्कार मंडळी. तक्रार म्हणून नाही, पण गेले काही दिवस संध्याकाळी ७ ते ९ आमच्या हॉलच्या डोक्यावर सारखं धपधप चालू असतं. हिला बीपीचा त्रास आहे, त्या वेळेला जरा आडवी होते तर डोळा लागत नाही. मुलांचं वय आहे, खेळायलाच पाहिजे, फक्त काहीतरी तोडगा काढू या.

ए-४०४ ताई:
काका ते आमच्याकडचंच आहे. मामाने सुट्टीसाठी डान्स मॅट आणून दिलीय दोघांना, टीव्हीला जोडायची आणि स्क्रीनवर बाण येतील तसे पाय टाकायचे. खाली गादी घालून बघितली तर मॅट सरकते. आजपासून बंद करते, काकूंना सांगा काळजी करू नका.

सी-६०२:
ताई लगेच बंद नका करू प्लीज, जरा माझं ऐका, मेसेज मोठा होईल. मी कॉलेजपासून हे गेम खेळते म्हणून सांगते. घरची मॅट पातळ असते, पाय नक्की कुठे पडला ते तळपायाला कळतच नाही, मग पोरं खात्री करायला उडी मारून दाबतात आणि तीच उडी खाली काकांना ऐकू जाते. गेम झोनमधल्या मोठ्या मशीनचा प्लॅटफॉर्म धातूचा असतो, प्रत्येक पॅनलची, म्हणजे पाय टाकायच्या चौकोनाची, कड पायाला लागते, हलका पाय टेकवला तरी घेतं. जे खरंच चांगलं खेळतात त्यांचे पाय इंचभरच वर उचलले जातात, बघताना वाटतं हा नाचतोय कुठे, नुसता चालतोय जागच्या जागी. मुलांना एकदा तिथे खेळू दे, घरी आल्यावर उड्या आपोआप कमी होतील. सिग्नलच्या पुढे तो छोटा मॉल आहे ना, फूड कोर्टच्या बाजूला गेम झोन आहे, फार मोठा नाही पण कोपऱ्यात नाचायचं मशीन आहे आणि त्याच्या शेजारी दोन ढोलवालं जपानी मशीन आहे. मी जाते नेहमी. बुधवारी दुपारी येणार असाल तर मी घेऊन जाते मुलांना.

ए-२०१:
गेम झोन म्हणजे पैसे खायचं काम आहे हो. मागच्या वर्षी आम्ही एका ठिकाणी कार्ड रिचार्ज केलं, पोराने अर्धे पैसे त्या टेडी उचलायच्या पंजावर घालवले, हातात काही आलं नाही आणि उरलेला बॅलन्स परत मिळत नाही म्हणाले. वर कानठळ्या बसतात ते वेगळंच.

सी-६०२:
दादा पंजावाल्या मशीनबद्दल तुम्ही बोलताय ते शंभर टक्के खरं आहे, मी पण मुलांना त्याच्याकडे फिरकू देत नाही. बक्षिसाची तिकिटं देणारी मशीन पण तशीच, १५ सेकंदात खेळ संपतो आणि मूल परत हात पसरतं. पण नाचायचं मशीन तिकीट देतच नाही. एकदा कार्ड टॅप केलं की दोन-तीन गाणी मिळतात, म्हणजे पाच-सहा मिनिटं सलग हालचाल, आणि खाली उतरल्यावर मूल स्वतःच म्हणतं थांब जरा, दम लागला. मग दुसऱ्याची पाळी. चार मुलं असली तर तासभर आरामात जातो. फक्त रिचार्ज कमीत कमी रकमेचं करायचं आणि बॅलन्स किती दिवस चालतो ते काउंटरवर आधी विचारायचं, हे तुमच्या अनुभवावरून सगळ्यांनीच लक्षात ठेवू या.

आणि हे काही कालचं खूळ नाही बरं का. कोनामी नावाच्या जपानी कंपनीने १९९८ मध्ये डान्स डान्स रेव्होल्यूशन काढलं, चार बाण, पुढे मागे डावा उजवा. दुसऱ्याच वर्षी कोरियाच्या अँडामिरो कंपनीने पंप इट अप आणलं, त्यात पाच पॅनल, चार कोपऱ्यात आणि एक मधे. आपल्या इथलं ते पाच पॅनलवालं आहे. मधल्या पिवळ्या पॅनलचा रंग पार उडालाय आणि मागच्या दांडीवर जिथे सगळे हात धरतात तेवढाच भाग चकचकीत झालाय, यावरून कळेल किती जण खेळतात ते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये आपल्या सगळ्या ७६५ सरकारी शाळांमध्ये कोनामीचा तो नाचायचा गेम नेणार म्हणून जाहीर केलं होतं, पीटीच्या तासासाठी, कारण मुलांची वजनं वाढत होती आणि मैदानी खेळ न आवडणारी मुलं यात मात्र आपणहून पळत यायची.

ए-४०४ ताई:
आमचा मोठा अगदी तसाच आहे, क्रिकेटला बोलावलं की पोटात दुखतं त्याच्या 😀 पण हे कितीही वेळ चालतं.

बी-१०१ काकू (तबला क्लास):
मी मधे बोलते. मागच्या महिन्यात नातीबरोबर त्याच गेम झोनला गेले होते, मला वाटलं नुसता धांगडधिंगा असेल, पण उभं राहून बघत बसले. बाण वर सरकत जातो आणि वरच्या रेघेवर पोचला त्याच क्षणी पाय पडला तर परफेक्ट लिहून येतं, जरा आधी पडला तरी मार्क कमी आणि जरा नंतर पडला तरी कमी. माझ्या क्लासमधली सगळी मुलं घाई करतात, कायदा, म्हणजे तबल्याची एक रचना, सुरू करतात एका लयीत आणि संपेपर्यंत लय कुठच्या कुठे चढलेली असते, आणि त्यांना सांगून पटत नाही की तू पळतोयस. इथे गाणं कोणासाठी थांबत नाही की धावत नाही, आणि चूक लगेच समोर दिसते, गुरुजी ओरडायची वाट बघावी लागत नाही. मला फार आवडलं ते.

सी-६०२:
काकू अगदी बरोबर पकडलंत! साधारण १५० बीपीएमचं गाणं असलं तर मिनिटाला १५० ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमधे ०.४ सेकंद. लहान लेव्हलला प्रत्येक ठोक्याला एक बाण. लेव्हल वाढली की मधे अजून एक, म्हणजे ०.२ सेकंदाला एक पाय.

बी-१०१ काकू:
म्हणजे दुगुन, दुप्पट लय. पुढे चौगुन पण असेलच.

सी-६०२:
आहे ना, चौगुनला भल्याभल्यांवर दांडी पकडायची वेळ येते. अजून एक गंमत, नवीन माणसाला वाटतं बाण हळू आले की सोपं जाईल, पण बाण हळू सरकले की स्क्रीनवर एकमेकांना चिकटून गर्दी करतात आणि कुठला आधी ते वाचताच येत नाही. सेटिंगमधे स्पीड वाढवला तर गाणं तेच राहतं, फक्त बाणांमधे मोकळी जागा पडते आणि वाचायला सोपं जातं. हे कोणी सांगितलं नाही तर मुलं कित्येक महिने पहिल्याच लेव्हलला अडकून बसतात. आणि पाय आलटून पालटून टाकायचे, डावा उजवा डावा उजवा, एकाच पायाने सगळं करायला गेलं की तोल जातो.

डी-३०२ काका:
ते ढोलाचं मशीन मी टोकियोत बघितलंय. मुलगा निशी-कासाईला राहतो, आपले बरेच लोक आहेत तिकडे. गेम सेंटरमधे १०० येनचं नाणं टाकायचं आणि दोन लाकडी काठ्या घेऊन वाजवायचं. माझ्या वयाचे गृहस्थ ऑफिसची बॅग खाली ठेवून शांतपणे दोन गाणी वाजवून घरी जात होते, कोणी वळून बघत नव्हतं. मी पण वाजवलं. सोपं आहे, लाल गोल आला की मधोमध, निळा आला की कडेवर.

सी-६०२:
हो काका तेच, ताइको नो तात्सुजिन, नाम्को कंपनीने २००१ मध्ये काढलेलं. मोठा गोल आला की दोन्ही हात एकदम. गुडघे दुखणाऱ्यांनी नाचायच्या मशीनवर चढूच नये, पण हे नक्की करून बघावं.

बी-१०१ काकू:
आपल्याकडे तबल्यात 'ना' चाटेवर, म्हणजे कडेवर, आणि 'धा' दोन्ही हातांनी, मग मला जमायला पाहिजे!

बी-५०३ वहिनी:
आमची लेक ढोल पथकात आहे, तिने पहिल्याच दिवशी ते मधल्या लेव्हलला वाजवलं. पण तिचं म्हणणं असं की तिला मार्क निळ्यावर कमी पडले कारण पथकात एका हातात टिपरू असतं आणि दुसऱ्या हाताने थाप, इथे दोन्ही हातात काठ्या आणि डाव्या हाताला कडेवर मारायची सवयच नाही. आता घरी उशीवर प्रॅक्टिस चालू आहे, उशीचा आवाज खाली येत नाही ना एवढं ४०३ वाल्यांनी सांगा 🙏

बी-४०३:
काही ऐकू येत नाही वहिनी, चालू दे.

ए-२०१:
बरं मग आमच्या पोराला पण घेऊन जाणार का? पंजाकडे जाणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतो. पण गर्दीत मोठी मुलं मशीन सोडत नाहीत असं ऐकलंय.

सी-६०२:
नक्की घेऊन जाते दादा. म्हणूनच बुधवार म्हटलं, शनिवार-रविवार रांग असते आणि लहान मुलं बुजतात. तिथे नेहमी येणारी चार-पाच कॉलेजची मुलं आहेत, ती दिसायला वाटतात आपल्याच धुंदीत आहेत पण खूप चांगली आहेत, आपला गेम संपला की खाली उतरतात, मागे कोणी उभं आहे का बघतात आणि लहान मूल असलं तर स्वतःहून सांगतात की पहिल्यांदा कुठलं गाणं घे. आपल्या मुलांनी पण तेवढं पाळायचं, दुसरा खेळत असताना शेजारच्या पॅडवर चढायचं नाही, कारण पूर्ण प्लॅटफॉर्म हलतो आणि समोरच्याचा पाय चुकतो. आणि एखाद्याच बाणाला सारखं मिस मिस येत असेल तर मूल चुकतंय असं समजून त्याला बोलू नका, बऱ्याचदा त्या पॅनलचा सेन्सर गेलेला असतो. परवा मागचा डावा घेतच नव्हता. तिथल्या दादाला हाक मारली, त्याने पॅनल उघडून आतली धूळ पुसली आणि गेम परत लावून दिला. मला मनापासून वाटतं अशी मशीन लोक खेळत राहिले तरच टिकतात, नाहीतर एखाद्या दिवशी जाऊन बघावं तर त्या जागी अजून एक टेडीचा पंजा उभा असतो, मी हे दुसऱ्या मॉलमधे होताना बघितलंय आणि फार वाईट वाटलं होतं.

ए-३०४ काका:
हे वाचून बरं वाटलं. मॅट पण पूर्ण बंद करू नका, मुलांचा हिरमोड नको. सेक्रेटरी साहेब, क्लब हाऊस दुपारी रिकामंच असतं, खाली तळमजला आहे, तिथे चालेल का?

सेक्रेटरी:
चालेल. ५ ते ७ वेळ ठेवू, चावी वॉचमनकडे, वहीत सही करून घ्यायची. टीव्ही तिथला वापरा, वायर मुलांनी लावू नये, कोणीतरी मोठं माणूस बरोबर पाहिजे. ७ वाजता भजनी मंडळ येतं त्याआधी रिकामं करा.

ए-४०४ ताई:
थँक्यू काका, थँक्यू साहेब 🙏 बुधवारी आमचे दोघं. चप्पल चालेल का?

सी-६०२:
चप्पल, सँडल, क्रॉक्स काही नको, सपाट तळाचे बूट आणि मोजे. पाण्याची बाटली आणि एक जास्तीचा टीशर्ट, एसीमधे घाम अंगावर वाळतो. जेवण दोन तास आधी झालेलं असू दे. ३ वाजता ए विंगच्या गेटला भेटू, ५:३० पर्यंत परत आणते.

बी-१०१ काकू:
मी पण येते गं, ढोलावर. नातीला पण आणते.

सी-६०२:
या ना काकू! म्हणजे आतापर्यंत ४०४ चे दोघं, २०१ चा एक, काकू आणि नात, मी. दोन रिक्षा लागतील. अजून कोणी असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत इथेच सांगा.

डी-३०२ काका:
माझी पण एक जागा धरा.