फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने संगणकच रांगायला लावलाय, काय करू?

कुळागर:
नमस्कार मंडळी. फोंड्याला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, मध्येच कुणी जमिनीचा एक-चौदाचा उतारा प्रिंट करायला येतो, असं सगळं चालतं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. भजनी मंडळांची पत्रकं, आरत्यांच्या पुस्तिका, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) स्पर्धेची प्रमाणपत्रं, सगळं एकदम येऊन पडलंय. आणि नेमका आत्ताच संगणक रांगायला लागलाय.

मशीन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. पत्रिका रचायचं कोरलड्रॉ, आमचं कोरल, उघडायला टाकायचं आणि चहा पिऊन यायचं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के. खाणारी नावं दोन. एक विंडोजचं स्वतःचं सर्च इंडेक्सर, शोधण्यासाठी फाइलींची सूची बनवणारं. दुसरं एक कसलंसं डेस्कटॉप सर्च, जे मी कधी मागितलेलंच नाही. दुकानातल्या मुलाने पीडीएफचं वर्ड करून देणारं फुकटचं काहीतरी उतरवलं होतं, त्याच्या शेपटीला धरून ते आत आलं असणार. टास्कबारवर शोधायची पट्टी, ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं, काही शोधलं की वर आधी जाहिराती. बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. बोलावलं नसताना जेवायला आलेला पाहुणा परवडला, तो निदान जेवून जातो.

एवढं सगळं चाळून हाती काय? 'शांतादुर्गा' शोधलं तर एकही फाइल नाही! आमच्याकडे दर दुसऱ्या पत्रिकेवर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' असतं हो.

दोन्ही काढून टाकू का? विंडोजचं बंद केलं तर काही अडेल का? फॉरमॅट मारा म्हणून सांगू नका, फाँट आणि त्यांचं लॉक (विकत घेतलेल्या फाँटची नक्कल रोखणारं कुलूप) परत बसवायला आता वेळ नाही.

फेरीबोट:
एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, विषय संपला. २०२० नंतरही फिरत्या डिस्कवर कोरल चालवणाऱ्यांना दंडवत.

डिचोलकर:
फेरीबोट, एसएसडी घातली तरी ती जाहिरातींची पट्टी जाणार नाही. ताई, या दोघांना एकाच दोरीने बांधू नका.

आधी आगंतुक. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्सची यादी उघडा आणि बसवल्याच्या तारखेप्रमाणे लावा. ते पीडीएफवालं ज्या दिवशी आलं, त्याच दिवसाची अनोळखी नावं शेजारी सापडतील. ती सगळी काढा. पीडीएफवालंही ठेवू नका. मग टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब बघा, आणि टास्क शेड्यूलर विसरू नका. परत परत उगवणारी सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा तिथेच स्वतःची वेळ लावून बसलेली असतात. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन आणि डीफॉल्ट सर्च इंजिन हातानेच बदलावं लागेल. शेवटी असली जाहिरातवाली सॉफ्टवेअरं हुडकून काढणारं मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर एकदा फिरवा. फुकट आहे आणि बसवावंही लागत नाही.

आता मशीन का रांगतं ते. हे इंडेक्सर प्रत्येक फाइल उघडतात, आतला मजकूर वाचतात आणि आपल्या डेटाबेसमध्ये नोंद करतात. तुमच्याकडे तेच काम दोघं करतायत. शिवाय फाइल उघडली की अँटिव्हायरसही ती तपासतो. फिरत्या डिस्कला वाचणारं डोकं इकडून तिकडे हलवावं लागतं, त्यात तिघांची ओढाताण, आणि तुमच्या कोरलला वाट बघावी लागते. विंडोजचा इंडेक्सर माणूस काम करत असला की जरा दमाने घेतो, फुकटे मात्र असा विचार करतीलच असं नाही.

एके काळी वेगळं डेस्कटॉप सर्च बसवण्यात अर्थ होता. गुगलने २००४ मध्ये गुगल डेस्कटॉप काढलं तेव्हा लोकांनी हौसेने घेतलं. पण विंडोज व्हिस्टापासून शोध विंडोजमध्येच आला आणि गुगलने आपलं २०११ मध्ये बंद केलं. न मागता गळ्यात पडण्याची तक्रारही जुनीच आहे. २००७ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टचं विंडोज डेस्कटॉप सर्च कंपन्यांच्या नेटवर्कवर अपडेटमधून आपोआप बसलं, तेव्हा तिथल्या अ‍ॅडमिननी चांगलाच शिमगा केला होता.

आणि तुमची शांतादुर्गा. तुम्ही जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप करता ना? मग फाइलमध्ये देवनागरी नसतेच. असतात रोमन अक्षरं नि चिन्हं, फक्त फाँट त्यांना मराठी आकार देतो. इंडेक्सरने ती इमानदारीने नोंदवली तरी तुम्ही युनिकोडमध्ये शोधलेलं नाव त्यांच्याशी जुळणार कसं? छापायला देण्याआधी मजकूर कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेला असेल तर अक्षरंही उरत नाहीत, नुसत्या रेषा. म्हणजे तुमच्या कामासाठी फाइलींच्या आतलं वाचत बसणं ही निव्वळ हमाली.

म्हणून इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये मॉडिफाय दाबा आणि कामाच्या फोल्डरवरची खूण काढा. स्टार्ट मेनू राहू द्या. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज सर्च पूर्ण बंद केलं तरी मशीन चालतं, शोध मात्र हळू होतो, आणि आउटलुक वापरत असाल तर मेल शोधताना जाणवेल. रिबिल्डचं बटण चवथीआधी दाबू नका, तो सगळं पहिल्यापासून वाचायला बसेल.

नावावरून शोधायला वॉइडटूल्सचं 'एव्हरीथिंग' घ्या. ते फाइली उघडत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर मुळातच असलेली नावांची यादी वाचतं. लाखभर फाइली असल्या तरी काही सेकंदांत तयार.

कुळागर:
डिचोलकरबाब, देव बरें करूं! ते खरंच टास्क शेड्यूलरमध्ये होतं, दर तासाला उठायचं. आता डिस्क खाली आली आहे, कोरल चहाआधी उघडतं. 'एव्हरीथिंग'ही बसवलं. पण त्यात आमच्या मुलाची कर्तबगारी दिसली: 'फायनल', 'फायनल न्यू', 'फायनल खरं', 'फायनल आई म्हणते ते'. नावावरून शोधणार काय, कपाळ?

डिचोलकर:
नाव युनिकोड मराठीत द्या, ते चालतं. गाव, गिऱ्हाइकाचं आडनाव, काम, वर्ष. जुन्यांच्या मागे लागू नका, नवीन कामापासून सुरू करा. जुनी काढायची तर बदललेल्या तारखेप्रमाणे लावा, लग्नाचा मोसम आठवला की सापडतात.

फेरीबोट:
माझं अजून तेच म्हणणं. चवथ झाली की एसएसडी. आहे ती डिस्क जशीच्या तशी क्लोन होते, फॉरमॅट लागत नाही.

कुळागर:
आणि फाँटचं लॉक?

फेरीबोट:
यूएसबीला लावायचं असेल तर बहुधा काही होत नाही. डिस्कच्या नंबरवर बांधलेलं असेल तर क्लोन करण्याआधी विक्रेत्याला फोन करा. आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका.