नुसतं डॉक्युमेंटेशन पुरत नाही
भाऊ, डॉक्युमेंटेशन चांगलं असलं की एपीआय (आपल्या प्रोग्राममधून दुसऱ्याचा कोड वापरायची ठरलेली पद्धत) सोपा, हे तुमचं म्हणणं पटलं नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या 'डेट'मध्ये (तारखेच्या ऑब्जेक्टमध्ये) महिने ० पासून मोजतात, म्हणजे जानेवारी ०, हे स्पष्ट लिहिलेलं असूनही लोक चुकतातच.

जळगावात केळीच्या भावाचं अ‍ॅप करताना आमची लायब्ररी (तयार कोडचा संच) एका नव्या मुलाला दिली आणि मागे गप्प बसलो. त्याने सरळ 'न्यू' लिहून ऑब्जेक्ट बनवायला घेतला; आमची फॅक्टरी, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारा वेगळा कोड, त्याला सापडेचना. हुशार पोरगा, चूक आमचीच. एलिस, स्टायलॉस आणि मायर्स या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगातही हेच दिसलं: फॅक्टरीतून ऑब्जेक्ट बनवायला प्रोग्रामरना कन्स्ट्रक्टरपेक्षा (थेट 'न्यू' लिहून बनवण्यापेक्षा) बराच जास्त वेळ लागला.

तुमच्या धुळ्याच्या टीममध्ये एपीआय वापरून बघायच्या चाचणीला बसलेली मुलं मनातलं मोठ्याने बोलतात का? अडखळण्याची नेमकी जागा तिथेच कळते.