आईच्या निप्पलवर इसबासारखं झालंय, गाठ नाही, पण रिपोर्टमध्ये बायरॅड्स ४बी (मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधली संशयाची पायरी) आलंय. बायोप्सी करावी का? मदत हवी आहे

कोयनाकाठ:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आई ६१ वर्षांची, कराडजवळ गावात राहते, मी पुण्यात. दिवाळीला गेले होते तेव्हा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या दोन ब्लाऊजना आतून उजव्या बाजूला एकाच जागी रुपयाएवढे तांबूस डाग दिसले, विचारलं तर म्हणे हळदीचे असतील, आता ब्लाऊजच्या आत हळद कशी जाईल, शेवटी रात्री दार लावून घेतल्यावर दाखवलं. निप्पलची कातडी सोललेली, लाल, वर पातळ खपली आणि निप्पल जरा आत ओढल्यासारखं. आषाढापासून खाज येतेय म्हणाली!! गावातल्या डॉक्टरांना लाजेने नुसतं "छातीला खाज" एवढंच सांगितलं, त्यांनीही न बघता मलम दिलं, लावलं की आठ दिवस बरं, मग परत सुरू. गाठ नाही, दुखत नाही, म्हणून गप्प बसली.

इथे मॅमोग्राफी, सोनोग्राफी केली. निप्पलच्या मागे बारीक कॅल्सिफिकेशनचा (कॅल्शियमच्या कणांचा) पुंजका आहे आणि शेवटी बायरॅड्स ४बी. (हे ऐकून तिने कॅल्शियमच्या गोळ्याच बंद केल्यात.) सर्जन म्हणतात पॅजेट्स (निप्पलच्या कातडीत दिसणारा कॅन्सर) असू शकतं, निप्पलच्या कातडीचा तुकडा आणि आतली ट्रूकट (जाड सुईने तुकडा काढायची) बायोप्सी दोन्ही करू. मामा म्हणतो सुई लावली की खवळतं, अजिबात करू नका, आणि आई त्याच्याच बाजूने. कोणाला अनुभव आहे का? आणि कॅन्सरचे ते डक्टल, लोब्यूलर, ट्रिपल निगेटिव्ह हे सगळे प्रकार वाचून माझं डोकं फिरलंय, ह्यातलं आईचं कुठलं हे आत्ताच कळतं का?

सायली_ठाणे:
ताई, माझ्या मावशीचं डिट्टो हेच होतं, तिने तर वर्षभर मलमं लावली. आम्हाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं की साधं इसब बहुतेकदा दोन्हीकडे होतं आणि निप्पलच्या भोवतीच्या काळ्या भागावर सुरू होतं, पॅजेट्स एकाच बाजूला, आधी निप्पलवर आणि मग बाहेर पसरतं. मलमात स्टिरॉईड असलं तर वरवर बरं वाटतं, तिथेच सगळे फसतात. ट्रूकटला घाबरू नका, जागा बधिर करतात, स्टेपलरसारखा टक् आवाज येतो, त्या आवाजानेच मावशी जास्त दचकली. पुढून उघडणारा ब्लाऊज घालून न्या.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या सर्जनचाच. सुईने कॅन्सर खवळतो हे आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. तसं काही होत नाही. होतं काय, की लोक आधी दोन वर्षं काढतात, आजार वाढल्यावर बायोप्सीला येतात आणि मग नाव सुईचं.

४बी म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण १० ते ५० टक्के. म्हणजे झालाच असं नाही, पण तुकडा न बघता सोडण्यासारखंही नाही. पुंजका सोनोग्राफीत दिसत नसेल तर मॅमोग्राफीच्या मशीनवर नेम धरून तुकडे घेतात, हे आधीच विचारून ठेवा, सगळीकडे ती सोय नसते. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा त्या पुंजक्याशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी दिल्या असतील तर चालू करा.

प्रकार आत्ता कळणार नाही. बहुतेक कॅन्सर दूधनळ्यांच्या अस्तरात सुरू होतात, नळीच्या आतच असेल तर डीसीआयएस, भिंत फोडून बाहेर पडला तर इन्व्हेजिव्ह डक्टल, सगळ्यात जास्त हाच दिसतो. लोब्यूलरमध्ये, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणाऱ्यात, कधीकधी गाठ न लागता नुसता जाडसरपणा असतो. पॅजेट्समध्ये बहुतेक वेळा आत डीसीआयएस किंवा इन्व्हेजिव्ह असतोच, म्हणून सर्जन दोन्हीकडचं मागतायत, नुसत्या कातडीवर भागवू नका. ट्रिपल निगेटिव्ह हा वेगळा हिशोब आहे, कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर आयएचसी (रंग देऊन करायची तपासणी) करून ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन) बघतात, तिन्ही निगेटिव्ह आले तर ते नाव. हर-टू २+ आला तर अधांतरी, मग फिश टेस्ट (हर-टूच्या जीनची तपासणी) सांगतात, तेव्हा पैसे उकळतायत असं वाटून घेऊ नका.

राघू७१:
गाठ नाही म्हणून कॅन्सर नाही हे आपल्याकडे फार. आमच्या शेजारच्या काकूंचा अख्खा स्तन लाल, गरम, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, ताप नाही, तरी महिनाभर अँटिबायोटिकच चालू. इन्फ्लमेटरी (सूज आल्यासारखा दिसणारा) कॅन्सर निघाला. खर्चाचं म्हणाल तर रेशन कार्ड, आधार घेऊन फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच भेटून ठेवा.

सायली_ठाणे:
आणि हो, आईंना रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. काचपट्टी, तुमचं उत्तर मामाला फोनवर वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण मंगळवारी आईला घेऊन येतो म्हणाला. सायली, गोळीचं बरं आठवण केलंत, स्टेंट टाकल्यापासून तिला एक चालू आहे आणि मी सर्जनना सांगितलंच नव्हतं! आत्ता फोन केला, हार्टच्या डॉक्टरांशी बोलून उद्या कळवतो म्हणालेत, त्यामुळे तारीख पुढे जाईल बहुतेक.