मुंबईला एकच दिवस असेल तर घारापुरी यादीतून खोडा

फास्टलोकल
कोल्हापूरहून महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रात्री तीच गाडी धरून परतायचं, अशा पाहुण्यांच्या यादीत घारापुरी (एलिफंटा बेटावरची लेणी) हमखास वर असते. माझं म्हणणं, ती खोडा. हिशेब मांडून बघा. लाँचला जायला तास, यायला तास. गेटवेवर तपासणीची रांग, शिवाय माणसं भरल्याशिवाय लाँच हलत नाही, त्यात अर्धा-पाऊण तास. पलीकडे लांबलचक जेटी, मग १२० पायऱ्या. लेण्यात दीड तास धरा. झाले पाच तास, तेही काही अडलं नाही तर. जेवणखाण, आंघोळ वगळता हातात आठच तास उरतात.

त्याच पाच तासांत सीएसएमटी, समोरची महापालिका, हुतात्मा चौक, ओव्हल मैदान, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे एवढं होतं. सगळं मिळून तीनेक किलोमीटर, टॅक्सी लागत नाही. जागतिक वारशाच्या यादीतली दोन ठिकाणं त्यात येतात: २००४ला नोंदलेलं सीएसएमटी आणि २०१८ला नोंदलेला ओव्हलच्या दोन्ही अंगांचा परिसर.

लेणीवेडा
बेरीज बरोबर, निकाल चूक. घारापुरी १९८७ पासून त्याच यादीत आहे, आणि नुसती ठिकाणं मोजून काय मिळवायचं? सीएसएमटीचा दर्शनी भाग रात्री दिव्यांत गाडी धरायला आलात की दिसतोच. लेणं रात्री दिसत नाही.

नऊच्या सुमारास सुटणारी लाँच धरा, दीड-दोनला परत गेटवेवर. दीड तास कुठे घालवायचा तेही सांगतो. सातही लेणी पालथी घालू नका, मुख्य लेणंच नीट बघा. उत्तरेच्या तोंडाने आत शिरा आणि लगेच पुढे धावू नका. खांबांच्या ओळीतून समोरच्या भिंतीत साधारण १८ फुटांची त्रिमूर्ती अंधारातून हळूहळू वर येते, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. मधला चेहरा शांत, मिटल्या डोळ्यांचा. आपल्या डावीकडचा अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप, कपाळाला आठ्या, मिशी. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ. त्रिमूर्तीशेजारी आपल्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. एवढ्या तीन शिल्पांपुढे तासभर काढलात तरी फेरी वसूल. बहुतेक लोक त्रिमूर्तीकडे पाठ करून फोटो काढतात आणि माकडांच्या हाती वेफर्सचं पाकीट देऊन परततात, मग म्हणतात काही विशेष नाही.

ऊनसावली
कोणतं ठिकाण यापेक्षा कोणत्या वेळी, हे आधी ठरवा. ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे, तिची तोंडं पूर्वेला. सकाळी ऊन थेट दर्शनी भागावर येतं, गोल सज्जे आणि आडव्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. त्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी तिकडे बघितलंत तर नुसत्या काळ्या आकृत्या. चारनंतर जा, दगडाचा पिवळसर रंग तेव्हाच कळतो. सीएसएमटीचंही तेच, तोंड पश्चिमेला. फास्टलोकल यांच्या क्रमाने उतरल्या-उतरल्या बघितलं तर फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सावलीत. पायी फेरी दुपारनंतरचीच, म्हणजे सकाळ आपोआप लाँचला मोकळी राहते.

फास्टलोकल
ऊन मान्य, क्रम उलटा करतो. पण पाहुण्यांत सत्तरीची आजी असली की? छोटी रेल्वे जेटीवरच धावते, पायऱ्यांपर्यंत. पुढे पाय किंवा डोलीची खुर्ची. आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळला की लाँच बंद. सकाळी गेटवेवर पोचल्यावर हे कळलं की दीड तास पाण्यात आणि दिवसाचा बेत विस्कटला. वस्तुसंग्रहालय पावसातही सव्वादहाला उघडतं.

कट्टेकरी
दोघे भांडताय त्या आधी वार बघा. लेणी सोमवारी बंद, लाँचवाल्याने हाक मारली तरी. रविवारी फोर्ट रिकामा, चालायला उत्तम, पण लोकलचा मेगाब्लॉक असतो. जुहू आणि नटांचे बंगले मात्र बिनशर्त कापा. जाण्या-येण्यात तीन तास आणि हाती एक बंद फाटक. हाजी अलीला जायचंच तर भरतीची वेळ बघून. भरतीला वाट पाण्याखाली जाते.

आणि सामान. गेटवेवर मोठी बॅग घेऊन जाऊ नका. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा, तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दहा रुपयांच्या कुलपापायी लोक तासभर बाजारात फिरतात.

लेणीवेडा
@फास्टलोकल, पावसाळ्यापुरतं मान्य, आजीपुरतंही. बाकी आठ महिने आणि धडधाकट पाय असताना नाही. लाँचमध्ये लाइफ जॅकेट देतात ते अंगावर चढवा, मांडीवर नको. परतीची शेवटची लाँच कितीची ते तिथे उतरतानाच विचारून ठेवा.

फास्टलोकल
आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव ठेवलं, तो तर बेटावर नाहीच! भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. हत्ती बघायचा तर लाँच कशाला?

लेणीवेडा
जा की. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग त्या दिवशी बंद असते.