चाचणी तीन वर्षांची, हिशेब तीस वर्षांचा: औषधाची किंमत अशी ठरवावी का?

खडूस_गणिती

कर्करोगाच्या नव्या औषधाची चाचणी दोन-तीन वर्षं चालते. निकाल जाहीर होतात तेव्हा पुष्कळ रुग्ण हयात असतात. तरीही ब्रिटनची नाइस ही संस्था सरकारी खर्चाने ते औषध द्यायचं की नाही हे ठरवताना विचारते, आयुष्य सरासरी किती वाढलं? सरासरी हवी तर जगण्याच्या वक्राखालचं (किती काळानंतर किती टक्के रुग्ण हयात आहेत, ते दाखवणाऱ्या आलेखाखालचं) सगळं क्षेत्रफळ लागतं, अगदी शेवटचा रुग्ण जाईपर्यंतचं.

ते क्षेत्रफळ कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून कॅप्लन आणि मायर यांच्या १९५८ च्या पद्धतीने काढलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या आलेखावर घातांकी, वायबुल, गॉम्पर्ट्झ, लॉगनॉर्मल अशा गणिती सूत्रांपैकी एखाद्याचा गुळगुळीत वक्र बसवतात आणि तो तीस-चाळीस वर्षं पुढे ओढतात. हातातल्या आकड्यांवर वायबुल आणि लॉगनॉर्मल दोन्ही छान बसू शकतात, पण लॉगनॉर्मलची शेपटी, म्हणजे उजवीकडचा नंतरच्या वर्षांचा भाग, लांबच लांब जाते. एआयसी-बीआयसीचे (वक्र आकड्यांवर किती नीट बसतो ते मोजणारे) गुण दाखवून कंपनी म्हणणार, बघा, आमचा वक्र सरस! अहो, ते गुण दिसलेल्या भागाचे. न दिसलेल्या भागाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत.

माझं मत सरळ आहे. जेवढं मोजलं तेवढ्याचेच पैसे द्या. चाचणी जिथे थांबली तिथवरचं क्षेत्रफळ घ्या आणि विषय संपवा.

लीड्सकर

असहमत. मी इकडे ब्रिटनमध्ये याच कामात आहे. चाचणी संपली तिथे क्षेत्रफळ कापलंत की तुम्हीही एक गृहीतक धरलंत: त्या दिवसानंतर औषधाचा फायदा शून्य. अंदाज तर केलातच, फक्त तो सगळ्यांत कंजूष अंदाज आहे.

उदाहरण देतो. इपिलिमुमॅब हे औषध, मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) पसरलेल्या रुग्णांसाठी. २०१५ मध्ये १८६१ रुग्णांची माहिती एकत्र करून विश्लेषण झालं. मध्यक आयुष्य ११.४ महिने, म्हणजे तेवढ्या काळात निम्मे रुग्ण गेले. आता मध्यक तोच ठेवून घातांकी वक्र (मृत्यूचा धोका कायम सारखाच धरणारा) काढा, तीन वर्षांनी ११ टक्के लोक उरायला हवेत. प्रत्यक्षात २२ टक्के होते, आणि तिथून पुढे वक्र जवळपास आडवा. काहींचा पाठपुरावा दहा वर्षांपर्यंत होता. घातांकी वक्राने दहाव्या वर्षी हजारात एकसुद्धा शिल्लक ठेवला नसता. तुमच्या कात्रीने नेमके हेच लोक हिशेबातून जातात.

खडूस_गणिती

म्हणजे एका औषधाची शेपटी खरी निघाली म्हणून सगळ्यांच्या शेपट्या खऱ्या मानायच्या? शेवटी उरलेली माणसं किती असतात तेही सांगा की. आलेखाखाली 'जोखमीतील रुग्ण' अशी ओळ असते, तिच्या उजव्या टोकाला अनेकदा पाच-सात माणसं दिसतात. बाकीचे नुकतेच चाचणीत आलेले, म्हणून सेन्सॉर झालेले, म्हणजे त्यांचं पुढे काय झालं ते अजून माहीत नाही. पाच माणसांत कुणी दगावलं नाही की वक्र आडवा दिसणारच. त्यावर क्युअर मॉडेल चढवायचं, 'इतके टक्के कायमचे बरे' म्हणायचं, आणि बिल फाडायचं!

वक्रतुंड

इथे खडूसरावांशी अर्धा सहमत. क्युअर मॉडेल जुनं आहे, बोग यांचा निबंध १९४९ चा, बर्कसन-गेज यांचा १९५२ चा. पाठपुरावा अपुरा असेल तर 'बरे झालेले' आणि 'अजून न गेलेले' यांच्यातला फरक त्याला ओळखता येत नाही. उत्तर मात्र देतं, तेही दशांश चिन्हासकट.

पण आडवा वक्र खरा की भास, हे तपासता येतं. मेलानोमाच्याच रुग्णांवरची चेकमेट ०६७ ही चाचणी घ्या. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन्ही औषधं मिळालेल्या गटात पाच वर्षांनी ५२ टक्के हयात होते, दहा वर्षांनी ४३. खडूसराव म्हणतील, पाहा, घसरला. थांबा. फक्त मेलानोमाने झालेले मृत्यू मोजले तर दहाव्या वर्षीही ५२ टक्के. मधली तफावत इतर कारणांनी झालेल्या मृत्यूंची. माणसं म्हातारी होतात, हृदयविकाराने जातात. म्हणून रोगाचा धोका वेगळा धरायचा आणि सर्वसाधारण लोकसंख्येच्या मृत्युदराचा तक्ता त्याला जोडायचा. तो न जोडता लॉगनॉर्मल पुढे ओढला की काही वर्षांनी कर्करोगाच्या रुग्णांचा मृत्युदर शेजारच्या धडधाकट माणसापेक्षा कमी येतो. असे आलेख मी पाहिलेत. कुणाला हसूही येत नाही.

लीड्सकर

अगदी. नाइसच्या २०११ च्या मार्गदर्शक दस्तऐवजातही हेच आहे, नुसत्या एआयसीवर वक्र निवडू नका, पुढचा भाग वैद्यकीयदृष्ट्या पटतो का ते बघा, बाहेरची माहिती लावा. २०२० च्या दस्तऐवजात स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला वक्र), क्युअर मॉडेल वगैरे लवचिक पद्धती आल्या.

आणि पैसे आधी, पुरावा नंतर असंच असतं असंही नाही. सीएआर-टी उपचारातल्या (रुग्णाच्याच प्रतिकार पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या) अ‍ॅक्सी-सेलचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले, तेव्हा पाठपुराव्याचा मध्यक १५.४ महिने होता आणि १८ महिन्यांवर ५२ टक्के हयात असल्याचा अंदाज. नाइसने २०१९ मध्ये थेट होकार न देता कॅन्सर ड्रग्ज फंडातून (पुरावा गोळा होईपर्यंत औषध देणाऱ्या सरकारी निधीतून) तात्पुरती सोय केली. पुढे पाच वर्षांचा आकडा ४२.६ टक्के आला, २०२३ मध्ये कायम मान्यता मिळाली. शेपटी लांबेपर्यंत थांबले, पण रुग्णांना थांबवलं नाही.

खडूस_गणिती

तात्पुरती सोय मान्य. ती माझ्याच बाजूची आहे, कारण नंतरच्या आकड्यांनी वक्र मोडला तर किंमत उतरवायला जागा राहते. ओढलेल्या वक्रावर कायमची किंमत बांधू नका, एवढंच मी म्हणतोय.

ओपीडी_क्रमांक_चार

तुमचं भांडण ब्रिटनच्या तिजोरीचं चाललंय. इथे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या भारतीय सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्या ६४ रुग्णांवर. खर्च लाखोंत, आणि तो बहुतेकदा घरच्यांच्या खिशातून. त्यांना सरासरीचं काय करायचं? सरासरी वर्षं वाढतात ती बऱ्याचदा थोड्या लोकांच्या लांब आयुष्यामुळे, तिजोरीला ती चालतात कारण तिच्याकडे हजारो रुग्ण आहेत. घरात रुग्ण एकच. शेत विकायचं की नाही हे ठरवणारा मुलगा मला विचारतो, 'डॉक्टर, दोन वर्षांनी शंभरातले किती राहतात, आणि राहतात ते ठीक असतात का?' मी त्याला दिसलेला वक्र दाखवते, टोकाला किती माणसं उरलीत तेही सांगते. ओढलेला भाग दाखवत नाही.

लीड्सकर

डॉक्टरताई, दाखवायला हवा असं माझं मत. पट्ट्यासकट, म्हणजे अंदाज कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो त्यासकट. दोन वर्षांनंतरचं काहीच सांगितलं नाही तर तो स्वतःच्या मनाने ओढणार, आणि मुलं तो वक्र वरच ओढतात.

ओपीडी_क्रमांक_चार

पट्टा ५ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत असला, तर त्यातला कुठला आकडा घरी जाईल असं वाटतं तुम्हाला?