द्राक्षाच्या पानांसाठी एसव्हीएम : सी आणि गॅमा ठरवायचे कसे?

कादवाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर ओझरला, घरची थॉमसनची बाग आहे. पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचा, हा प्रोजेक्ट मी हट्टाने घेतला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की केवडा किती झपाट्याने पसरतो ते लहानपणापासून बघतोय. दोन दिवस आधी कळलं तरी एक फवारणी वेळेवर होते.

फोटो साधारण १,२०० आहेत, सगळे मोबाईलवर काढलेले. ओझर, जानोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत आणि कसबे सुकेणे इथल्या मिळून सहा बागा आहेत. वर्ग चार : निरोगी ७००, केवडा ३१०, भुरी १३०, करपा ६०. प्रत्येक फोटोतून ६४ फीचर, म्हणजे मोजमापाचे आकडे, काढलेत. रंगांचे हिस्टोग्राम आहेत, त्यांच्या किमती ० ते १ मध्ये असतात. पोताची काही मापं आहेत. आणि डागांचं एकूण क्षेत्रफळ आहे पिक्सेलमध्ये, ते शून्यापासून चार-पाच लाखांपर्यंत जातं.

पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीतलं एसव्हीसी वापरतोय, म्हणजे वर्गांमध्ये सीमारेषा आखणारं एसव्हीएम (सपोर्ट व्हेक्टर मशीन). सी आणि गॅमा हे त्याचे आपण ठरवायचे दोन आकडे. कर्नल आरबीएफ, सी १, गॅमा ऑटो. ट्रेनिंगवर, म्हणजे शिकवायला दिलेल्या फोटोंवर, अचूकता १०० टक्के येते. टेस्टवर, म्हणजे न दाखवलेल्या फोटोंवर, ५८ टक्के, आणि उत्तर प्रत्येक पानाला एकच : निरोगी. सी १० केला, १०० केला, काही फरक नाही. गाईड सरांनी सांगितलंय की सी आणि गॅमा नीट शोध. पण शोधायचे कुठून कुठपर्यंत, आणि बरोबर सापडले हे ओळखायचं कसं?

---

पंचवटीकर

आधी स्केलिंग कर. स्टँडर्ड स्केलर लाव, म्हणजे सगळे रकाने एका मापावर येतात, मग ग्रिड सर्च, म्हणजे सी-गॅमाच्या जोड्या एकेक करून तपासणं. आणि खरं सांगू का, आता एसव्हीएम कशाला? आधी शिकवलेलं एखादं न्यूरल नेटवर्क घे, फोटो थेट दे, फीचर काढायची कटकट नाही.

---

दारणाकाठ

कादवाकाठ, तू आकडे व्यवस्थित दिलेस म्हणून नेमकं बोलता येतंय. मी सातपूरला बेअरिंगच्या कंपनांवरून बिघाड ओळखायचं काम करते. तिथे आजही आमचं मुख्य मॉडेल एसव्हीएमच आहे, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल.

तुझ्या ५८ टक्क्यांकडे बघ. ७०० भागिले १,२०० म्हणजे ५८ टक्के. म्हणजे मॉडेल काहीही शिकलेलं नाही, सगळ्यात मोठ्या वर्गाचं नाव सांगून मोकळं होतंय. पण मग ट्रेनिंगवर १०० टक्के कसे? ते गॅमामुळे.

आरबीएफ कर्नल दोन पानांमधलं साम्य मोजतो. दोघांमधल्या अंतराचा वर्ग घ्यायचा, गॅमाने गुणायचं, आणि ई या संख्येचा तेवढा ऋण घात काढायचा. पानं सारखी असतील तर उत्तर १ च्या जवळ, वेगळी असतील तर ० च्या जवळ. गॅमा ऑटो म्हणजे १ भागिले फीचरची संख्या, तुझ्याकडे १/६४. आता दोन केवड्याची पानं घे. रंग तोच, पोत तोच, फक्त डागांच्या क्षेत्रफळात हजार पिक्सेलचा फरक. हजाराचा वर्ग दहा लाख, भागिले ६४, म्हणजे साधारण १५,६००. ई चा ऋण १५,६०० वा घात! संगणकाच्या दृष्टीने तो शून्यच. म्हणजे तुझ्या मॉडेलला प्रत्येक पान फक्त स्वतःसारखं दिसतं, बाकी कुणासारखंच नाही. पाहिलेलं पान ओळखतं, नवीन पान आलं की कर्नलच्या सगळ्या किमती शून्य, उरतं फक्त स्थिर पद, आणि ते मोठ्या वर्गाकडे झुकलेलं असतं. सी वाढवून फरक पडत नाही तो यासाठीच. खात्री करायची तर मॉडेलमधल्या सपोर्ट व्हेक्टरची, म्हणजे सीमारेषा ज्यांच्यावर टेकते त्या फोटोंची, संख्या छापून बघ. जवळजवळ सगळे ट्रेनिंग फोटो त्यात असतील.

गॅमा ऑटोऐवजी स्केल ठेवलास, जो ०.२२ आवृत्तीपासून मूळ पर्याय आहे, तरी दुखणं जाणार नाही, रूप बदलेल. तिथे सगळ्या आकड्यांच्या व्हेरियन्सने, म्हणजे ते किती पसरलेत त्या मापाने, भागतात. तुझ्याकडे तो व्हेरियन्स जवळपास एकट्या क्षेत्रफळाच्या रकान्याचा आहे. गॅमा इतका बारीक होईल की रंगाचे रकाने मोजणीत उरणारच नाहीत. मॉडेल फक्त डाग किती मोठा एवढंच बघेल. केवडा आणि करपा एकमेकांत मिसळतील.

म्हणून पंचवटीकर म्हणतात ते बरोबर, स्केलिंग आधी. स्केलिंगनंतर प्रत्येक रकान्याचा व्हेरियन्स १ होतो, दोन पानांमधल्या अंतराचा वर्ग सरासरी १२८ च्या आसपास येतो, आणि १/६४ या गॅमाला साम्य ०.१३ च्या घरात पडतं. आता कर्नलला बोलायला जागा मिळाली. फक्त स्केलर पाईपलाईनमध्ये घाल, म्हणजे तो मॉडेलसोबत फक्त ट्रेनिंगच्या फोटोंवर चालेल. सगळ्या डेटावर आधी स्केलर चालवून मग ट्रेनिंग-टेस्टचे तुकडे केलेस तर टेस्टच्या पानांची सरासरी ट्रेनिंगमध्ये शिरते.

आता शोधाची कक्षा. एसव्हीसी आतून लिबएसव्हीएम वापरतं. ते तैवान राष्ट्रीय विद्यापीठातल्या च्यांग आणि लिन यांनी बांधलं. त्यांच्या गटाने नवख्यांसाठी दिलेली कक्षा अजून चालते : सी २ च्या उणे ५ व्या घातापासून १५ व्या घातापर्यंत, गॅमा उणे १५ पासून ३ पर्यंत, घात दोन-दोनने वाढवत. सीच्या ११ किमती, गॅमाच्या १०, एकूण ११० जोड्या. १,२०० फोटोंना हे साध्या लॅपटॉपवर होतं. सर्वोत्तम जोडी ग्रिडच्या कडेला सापडली तर त्या बाजूला कक्षा वाढव. मध्ये सापडली तर तिच्याभोवती बारीक ग्रिड टाक. सी म्हणजे चुकलेल्या पानाचा दंड. मऊ मार्जिनची ही कल्पना कॉर्टेस आणि वापनिक यांनी १९९५ मध्ये मांडली. गॅमा म्हणजे एका पानाचा प्रभाव किती दूर जातो ते. दोन्ही एकत्रच शोधायचे. एक धरून दुसरा शोधला की भलतीकडे जातोस, कारण चांगल्या जोड्या बहुतेक वेळा तिरक्या पट्ट्यात असतात : गॅमा कमी तर सी जास्त.

क्लास वेट बॅलन्स्ड ठेव, म्हणजे छोट्या वर्गाच्या चुकीला जास्त वजन मिळतं. त्याचं गणित सरळ आहे. करप्याला १,२०० भागिले (४ गुणिले ६०), म्हणजे ५. निरोगीला ०.४३. तेवढ्याने त्या वर्गाचा सी गुणला जातो. आणि ग्रिडला अचूकता नको, मॅक्रो एफ-वन, म्हणजे सगळ्या वर्गांना सारखं मोजणारा गुण, दे, नाहीतर ते पुन्हा निरोगीच्याच मागे लागेल.

पण या सगळ्याआधी मला एक सांग. ट्रेनिंग आणि टेस्ट तू कशा वेगळ्या केल्यास? एकाच वेलीचे फोटो दोन्हीकडे गेलेत का? माझ्या मते तुझा सगळा प्रोजेक्ट या उत्तरावर उभा आहे.

पंचवटीकर, नेटवर्कबद्दल : आधी शिकवलेल्या नेटवर्कमधून फीचर काढून त्यांच्यावर एसव्हीएम लावणं हा चांगला मार्ग आहे, पुढे त्याने जरूर करावा. पण तुकड्यांचा प्रश्न तिथेही असाच उभा राहील.

---

कादवाकाठ

ताई, खूप खूप आभार. सपोर्ट व्हेक्टर छापले, सगळेच्या सगळे फोटो त्यात होते. पाईपलाईन केली, स्केलिंग केलं, ग्रिड चालवलं. मॅक्रो एफ-वन ०.९३ आला! सर्वोत्तम सी ३२, गॅमा २ चा उणे ३ वा घात.

तुकडे मी सरसकट यादृच्छिक केलेत. एका वेलीचे चार-पाच फोटो आहेत, कधी एकाच पानाचे दोन-तीन कोनांतून. त्याने एवढा फरक पडेल का?

---

बागवाला

भाऊ, तुमचं मशीन मला कळत नाही. पण पिंपळगावला माझी तीस वर्षांची बाग आहे, म्हणून पानाविषयी सांगतो.

केवड्याचा डाग वरून तेलकट पिवळा दिसतो. पण खात्री होते ती पान उलटं केल्यावर, खाली पांढरी बुरशी असते. तुम्ही फक्त वरून फोटो काढले असतील तर अर्धी ओळख हातातून गेली. भुरी वरच्या बाजूला राखेसारखी. करप्याचा डाग काळपट, मधला भाग वाळून गळतो आणि पानाला भोक पडतं.

दुसरं, फवारणी. बोर्डो मारलेल्या बागेत पानावर निळसर पांढरे ठिपके बसतात, मोरचूद आणि चुन्याचे. गंधक मारलं तर पांढरट थर, लांबून अगदी भुरी वाटते. तुमचे केवड्याचे फोटो ज्या बागेतून आलेत तिथे केवडा होता म्हणूनच बोर्डो मारलेलं असणार. मग तुमचं मशीन रोग ओळखतंय का औषध ओळखतंय?

---

दारणाकाठ

बागवाला दादा, हे मला सुचलं नसतं, आणि या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

कादवाकाठ, आता तुझा ०.९३ आकडा या नजरेने बघ. गॅमा १/८ मिळालाय, म्हणजे मघाच्या १/६४ च्या आठपट. सरासरी अंतराच्या दोन पानांमधलं साम्य पुन्हा शून्याला टेकलं. मग एवढ्या गॅमाला एफ-वन चांगला कसा? कारण टेस्टमधल्या पानाची सख्खी भावंडं ट्रेनिंगमध्ये बसलीत. त्याच वेलीचा, त्याच उजेडातला, त्याच बोर्डोच्या ठिपक्यांचा फोटो अगदी जवळच्या अंतरावर सापडतो, आणि तेवढं जवळचं बघायला मोठा गॅमाच सोयीचा. ग्रिडने तुला फसवलं नाही. तू त्याला पाहिलेल्या बागांतली पानं ओळखायला सांगितलंस, त्याने त्या कामासाठी सर्वोत्तम जोडी दिली. तुला हवंय न पाहिलेल्या बागेसाठी.

म्हणून प्रत्येक फोटोला बागेचा क्रमांक दे आणि क्रॉस व्हॅलिडेशनला (आळीपाळीने एकेक तुकडा, म्हणजे फोल्ड, बाहेर ठेवून तपासणं) ग्रुप के-फोल्ड वापर. पूर्ण बाग एका वेळी बाहेर ठेवायची. सहा बागा, सहा फोल्ड. ग्रिड सर्चला हे तुकडे द्यायला विसरू नकोस, नुसत्या शेवटच्या टेस्टला बाग वेगळी ठेवून भागणार नाही. सी आणि गॅमा निवडले जातात ते आतल्या फोल्डवर. आकडा खाली येईल. येऊ दे.

आणि कोणता रोग कोणत्या बागेत किती, याचा तक्ता आधी कर.

---

कादवाकाठ

तक्ता केला आणि धक्काच बसला. करप्याचे साठच्या साठ फोटो मोहाडीच्या एकाच बागेतले. भुरी दोन बागांत. केवडा चार बागांत, त्यातल्या तीन ठिकाणी बोर्डोचे ठिपके स्पष्ट दिसतात. दादा, तुमचं तंतोतंत खरं निघालं.

करपा बाजूला ठेवून तीन वर्गांवर बागेनुसार ग्रिड चालवलं. मॅक्रो एफ-वन ०.७१. सी ८, गॅमा २ चा उणे ९ वा घात. सपोर्ट व्हेक्टर निम्म्याहून कमी झाले.

आता दोन प्रश्न. करपा प्रोजेक्टमधून काढूनच टाकू का? आणि ॲपमध्ये शेतकऱ्याला खात्री टक्क्यांत दाखवायची होती, त्यासाठी प्रोबॅबिलिटीचा पर्याय सुरू केला तर कधी कधी टक्के एका रोगाला जास्त आणि उत्तर दुसऱ्याच रोगाचं येतं. हे काय आहे?

---

दारणाकाठ

०.७१ हा तुझा खरा पहिला आकडा. गाईड सरांना हाच दाखव, आणि शेजारी ०.९३ ठेवून दोन्ही कसे आले ते समजाव. परीक्षकांना त्यातून तुझं काम कळेल. गॅमा १/८ वरून १/५१२ वर उतरला. सीमारेषा सपाट झाली, एकेका पानाला चिकटणं सुटलं. एक लिनियर, म्हणजे सरळ सीमारेषेचा, कर्नलही चालवून बघ. गॅमा एवढा खाली जातो तेव्हा लिनियर बरेचदा जवळपास तेवढंच काम देतो, आणि जुन्या मोबाईलवर हलका पडतो.

करपा काढू नकोस, थांबव. एकाच बागेतला वर्ग तपासताच येत नाही. ती बाग बाहेर ठेवली तर ट्रेनिंगला करपा उरत नाही, आत ठेवली तर टेस्टला नाही. अजून दोन-तीन बागांतून करप्याचे फोटो मिळाले की परत घाल. तोपर्यंत अहवालात तसं लिही.

टक्क्यांचं असं आहे. एसव्हीएम मुळात संभाव्यता देत नाही, सीमारेषेपासूनचं अंतर देतं. तो पर्याय सुरू केला की आतमध्ये पाच फोल्ड करून प्लॅटच्या पद्धतीने अंतराचे टक्के बनवले जातात. उत्तर मात्र आधीच्याच मॉडेलकडून येतं, म्हणून दोघांचं जमत नाही. शिवाय ते आतले फोल्ड तुझ्या बागा ओळखत नाहीत, म्हणजे वेलींची सरमिसळ पुन्हा सुरू. तो पर्याय बंद कर. अंतर घे, बागेनुसार बाहेर ठेवलेल्या फोटोंवर त्याचा उंबरठा ठरव, आणि अंतर त्याहून कमी असेल तर ॲपने सांगावं : पान उलटं करून दुसरा फोटो काढा. दादांनी सांगितलेली तपासणीच आहे ती.

---

बागवाला

करप्याचे फोटो हवे असतील तर छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस होऊन गेला की या, तेव्हा मिळतील. माझ्या बागेत या, शेजारच्या दोन बागांतही सांगून ठेवतो. फवारणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळी त्याच पानांचे काढा. पानाला दोरा बांधून खूण करून देतो. कोणत्या तारखेला काय मारलं ते माझ्या वहीत असतं, ती पण घेऊन जा.

---

कादवाकाठ

दादा, नक्की येतो. ताई, वहीतलं औषध आणि फवारणीनंतरचे दिवस प्रत्येक फोटोपुढे लिहून ठेवतो, म्हणजे बोर्डो मारलेली आणि न मारलेली पानं वेगळी तपासता येतील. लिनियरचं आजच चालवलं : ०.६९. ॲपसाठी तोच घ्यायचा विचार आहे.

---

दारणाकाठ

घे. फक्त लिनियरसाठी सी पुन्हा शोध, आरबीएफचा ८ उचलून लावू नकोस. कक्षा तीच, फोल्ड तेच, बागेनुसार.